बुधवारचा चाकू

दादाचा तिसरा फोन आला तेव्हा मी पुठ्ठा कापत होते, आणि कापत होते नेमक्या त्याच चाकूने, जो त्याला हवा होता.

"रविवारी सकाळी घेऊन ये," तो म्हणाला. "येतेस, का मी येऊ?"

दादा तीस वर्षं विमा कंपनीत साहेब होता. त्याच्या प्रश्नावरसुद्धा शिक्का मारलेला असतो. येते म्हणाले.

आमचे आप्पा बाइंडर. फाटक्या पुस्तकांना नवी पाठ देणं हा धंदा आणि खिशातले मिटते चाकू हा एकमेव शौक. जुन्या बाजारात फिरून फिरून जमवले ते सातच. आठवा स्वस्तात मिळत होता तरी घेतला नाही. म्हणाले, त्याला वार कुठला देऊ? कारण प्रत्येक चाकूला एक वार ठरलेला. दाढी झाली की त्या दिवसाचा चाकू उजव्या खिशात. त्यानेच दोरा कापायचा, पुठ्ठा कापायचा आणि दुपारी सफरचंदही. संध्याकाळी पुसून, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडून डब्यात. तीस-चाळीस वर्षांच्या त्या कापाकापीने पाती काळी-निळी पडली होती, ढगाळलेल्या आभाळासारखी. आप्पा म्हणायचे, ही चाकूची कमाई आहे, हिला हात लावायचा नाही.

दुसरा नियम त्याहून कडक. चाकू कापायला आहे, उचकटायला नाही. उचकटायला पेचकस आहे, आणि पेचकस सापडत नसेल तर अक्कल शोधावी.

मिटताना प्रत्येकाचा आवाज वेगळा. लहानपणी आप्पा आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवायचे आणि मागे चाकू मिटवायचे. टक्. कुठला वार? मी बिनचूक सांगायचे. दादा दरवेळी चुकायचा, आणि नंतर बोळात गाठून मला चिमटे काढायचा. आमचं भांडण तेव्हापासूनचं आहे, मधे फक्त दोघांचे केस पांढरे झाले.

शेवटच्या आजारात आप्पांना दवाखान्यात चाकू जवळ ठेवू देईनात. तेव्हा त्यांनी ते काम मला दिलं. म्हणाले, रोजचा रोज तू घेऊन फिर, बसून राहिला की चाकूचाही सांधा धरतो, माझ्यासारखा. पाच महिने मी वारांप्रमाणे चाकू खिशात घालून कामाला गेले. आप्पा गेले बुधवारी. त्या दिवशी शिंगाच्या मुठीचा चाकू माझ्या खिशात होता. मी दवाखान्याच्या कागदांवर सह्या करत होते आणि दादा घरून डबा उचलत होता. सुरक्षित राहील म्हणाला. नंतर त्याने मोजले तर सहा.

तेव्हापासून बुधवारचा चाकू माझ्याकडे आठवडाभर राबतोय. दादाने मात्र दिवाणखान्यात काचेची पेटी करून घेतली. आत निळं मखमल, सात जागा, खाली आप्पांच्या नावाची पितळी पट्टी. सातवी जागा रिकामी. पाहुण्यांनी विचारलं की दादा सांगतो, बहिणीने लाटला. हे मला वहिनींनीच कळवलं. अशा बाबतीत त्या फार तत्पर.

मी चाकू का देत नव्हते? लोकांना मी सांगायचे, आप्पांनी माझ्या हातात दिला. ते खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की आप्पा गेल्यावर महिन्याभराने सरसाच्या डब्याचं झाकण निघेना, पेचकस सापडेना, आणि मी पात्याचं टोक झाकणाखाली घातलं. गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा उडून सरसात पडला. चाळीस वर्षं बाइंडिंगच्या दुकानात काढलेली बाई मी. दादाला ते टोक दिसलं असतं तर चाकू गेला असता आणि वर तोंड दाखवायला जागा उरली नसती. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. तीन महिने मी तेवढंच केलं.

रविवारी वहिनींनी दार उघडलं, चप्पल बाहेर काढायला लावली आणि चहा आणला. बशी अशी ठेवली की निम्मा चहा बशीतच आला. दादा खुर्चीत बसून होता. बस म्हणाला नाही, म्हणून मी बसले.

त्याने भाषण तयार ठेवलं होतं. बायकामाणसाने चाकू घेऊन बसमध्ये हिंडणं शोभत नाही. वडिलांची आठवण एका जागी असावी. मी काय, उद्या पिशवीत विसरून येईन. मी ऐकत होते, पण माझं लक्ष पेटीकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

सहा चाकू पितळी खिळ्यांवर उघडे टेकवले होते, आणि सहाही पाती लखलखत होती. हॉटेलातल्या चमच्यांसारखी.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"पॉलिश करून घेतले. भांडीवाल्याच्या चाकावर. कसले गंजले होते." त्याला खरोखर अभिमान वाटत होता. "तू वापरून वापरून वाट लावली होतीस."

मी उठून काचेजवळ गेले. सोमवारच्या पात्यावर आप्पांच्या सफरचंदाचा एक अर्धगोल डाग होता. गेला होता. पाती झिजून पातळ झाली होती, कडा गोल झाल्या होत्या, सांध्यांत पॉलिशची पांढरी लुकण भरली होती.

"तो गंज नव्हता," मी म्हणाले. "ते आप्पा होते."

"नाटकं करू नकोस. चाकू काढ."

काढला. कसली भीती वाटायची शिल्लक होती? उघडून टेबलावर ठेवला. दादाने उचलला, खिडकीकडे धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की पन्नास वर्षांत मी त्याला एवढं सुखी केलं नव्हतं.

"टोक कुठाय?"

"सरसाच्या डब्यात."

"उचकटलंस?" त्याने वहिनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि टोक नसलेल्या जागेकडे डोळे भरून बघून गेल्या. दादा हसला. "आणि हिला म्हणे आप्पांनी विश्वासाने दिला. सहा चाकू मी चकचकीत ठेवले, एक हिच्याकडे होता तर त्याचं थोटूक केलं."

"मी एकाचं नाक तोडलं," मी म्हणाले. "तू सहांची कातडी सोलली. माझा चाकू अजून कापतो, दादा. तुझे सहा कागद तरी कापतील का बघ."

तो लाल झाला. माझा चाकू त्याने टेबलावर टाकला, दिला नाही, टाकला.

"घेऊन जा तुझं थोटूक. माझ्या पेटीत असला माल नको. आणि पुन्हा या घरात येऊ नकोस."

ज्यासाठी तीन महिने खोटं बोलले ते मला शिवी म्हणून मिळालं. मी नाही म्हणाले नाही. चाकू उचलला आणि मिटवला. टक्.

दादाची मान वळली. फक्त तेवढंच, मान. लहानपणी भिंतीकडे बसून वळायची तशी. मी थांबले. त्याची नजर पेटीकडे गेली, आणि मी निघाले. वहिनींनी माझ्यामागे दार लावून कडी घातली.

दोन पायऱ्या उतरले असेन. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग चाकू मिटला, पण टक् झालं नाही, वाळू चावल्यासारखं खरखरलं. परत उघडला, परत मिटवला. तरी तसंच.

शनिवारचा होता, खरखरीतूनही मी ओळखला. लुकण खालपर्यंत उतरली होती. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून, सांधा धुऊन, तेलाचा एक थेंब सोडला की आवाज परत येतो. दादाला ते माहीत नाही. विचारलं तर सांगेन. विचारणार नाही, आप्पांचाच मुलगा आहे. मीही आप्पांचीच, म्हणून परत वर गेले नाही.