लोकांची चाल

आर्गिरिस कास्त्रेयास अथेन्सहून गावात पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आईला मधल्या खोलीत ठेवलं होतं, पाय दाराकडे करून. उशाशी मेणबत्त्या, भोवती काळ्या कपड्यांतल्या, केस मोकळे सोडलेल्या बायका. आणि एखादा हुंदका सोडला तर सगळ्या गप्प.

विलाप कुणीच करत नव्हतं. मानीच्या या दगडाळ मुलखात माणूस भिकारी असेल, भांडकुदळ असेल, शेजाऱ्याच्या रक्तावर टपलेला असेल, पण विलापाशिवाय मातीत जात नाही. एक जाणती बाई ओळी रचते, मेलेल्याचं नाव घेऊन त्याचं आयुष्य त्यालाच सांगते आणि बाकीच्या तिच्या ओळींचा शेवट उचलून धरतात. ‘बिनरडल्याचा’ ही इथली सगळ्यात घाण शिवी आहे. आर्गिरिसनं ती लहानपणी एकाला दिली होती, तर आईनं त्याच्या तोंडात मिठाचा खडा कोंबला होता.

उशाशी स्तामाताकाकू बसली होती, त्याच्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. विलाप उचलून धरणाऱ्या खूप होत्या, रचणारी गावात ही एकच उरली होती.

“काकू, का थांबलात?” त्यानं विचारलं.

“तू आलास म्हणून.”

तिनं मान वर केली नाही. आर्गिरिसला कारण ठाऊक होतं. ते त्यानं तीस वर्षं सोयीनं विसरलेलं होतं, एवढंच.

यादवीच्या काळात काकूचा एकुलता एक मुलगा लिगोरिस गोळी लागून मेला. त्याला खेचरावर आडवा टाकून आणलं. काकूनं त्याच्या उशाशी तिन्हीसांजेपर्यंत विलाप केला, आणि संगीतशाळेत शिकणारा, सुट्टीवर आलेला आर्गिरिस दाराआड उभा राहून तो ऐकत राहिला. चाल त्याच्या डोक्यात रुतून बसली. पुढं त्यानं तिच्यावर बंदरात सोडून गेलेल्या प्रेयसीचे शब्द चढवले, खाली बुझुकी, गुत्त्यांतलं ते तंतुवाद्य, वाजवली, आणि ते गाणं सगळ्या देशानं डोक्यावर घेतलं. मग तीच चाल त्यानं आपल्या सिम्फनीत व्हायोलिनांना दिली. तोवर शास्त्रीयवाले त्याला बुझुकीवाला म्हणून हिणवत आणि बुझुकीवाले प्रोफेसर म्हणून. त्या एका चालीनं दोघांचीही तोंडं बंद केली. लिगोरिसचं नाव ना गाण्यात आलं, ना सिम्फनीत.

“तुझ्या त्या गाण्यावर लोक बशा फोडतात म्हणे,” काकू म्हणाली.

“ते खुशीनं फोडतात, काकू. आवडलं म्हणून.”

“माझ्या पोराच्या उशाशी मी जे बोलले, त्यावर. खुशीनं.”

“मी ते मोठ्या कामातही घातलंय. अथेन्सच्या सभागृहात लोक उभे राहिले. मंत्री उभे राहिले, काकू!”

“उभे राहिले? आमच्यात मेलेल्याजवळ बसतात.”

कोपऱ्यातल्या एका बाईनं रुमालाआड नाक ओढलं. ती रडली की हसली ते कळलं नाही. आर्गिरिसचे कान तापले, आणि मुलाखतींमध्ये शंभरदा दिलेलं उत्तर त्याच्या तोंडून आपसूक निघालं.

“ती काही तुझीमाझी नाही, काकू. लोकांची चाल आहे ती.”

“कुठल्या लोकांची?” काकूनं आता त्याच्याकडे पाहिलं. “त्या दिवशी त्या खोलीत आम्ही बायका होतो. ही मारिगो होती, ती वासिलो होती, तुझी आई होती. यातली लोक कोण ते दाखव. तिचे पाय धरते मी.”

मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता. त्या उत्तराला टाळ्या पडायच्या. रेकॉर्डवर मात्र ‘संगीत’ या शब्दापुढं लोकांचं नाव नव्हतं, आर्गिरिसचं होतं, ठळक अक्षरांत.

“तुझी आई दरवर्षी लिगोरी गेल्याच्या दिवशी माझ्याकडे यायची,” काकू म्हणाली. “तुझ्या वतीनं माफी मागायची. मी म्हणायचे, पोली, तू कशाला? ज्यानं नेलं त्याला येऊ दे. रेडिओवर ते गाणं लागलं की ही रेडिओ बंद करून बाहेर जायची आणि कोंबड्यांना दाणे टाकायची. दिवसातनं चार चारदा. फुगून मेल्या असत्या कोंबड्या!”

आर्गिरिसला आईची फोनवरची बोलणी आठवली. हवा कशी आहे, ऑलिव्ह किती धरलेत, गरम कपडे घाल. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. अडाणी बाई, तिला काय कळणार, असं तो समजत आला होता. त्याला स्वतःची किळस आली.

“मला काय हवं ते बोल,” तो म्हणाला. “पण तिला अशी पाठवू नकोस, काकू. पाया पडतो.”

“तू इथं असताना माझं तोंड उघडायचं नाही. जे तिचं, ते तिच्याबरोबर जाईल. तू उचलून नेशील.”

“नाही नेणार. शपथ घेतो.”

“स्वतःच्या कानांची शपथ कशी घेशील, आर्गिरी?”

खोलीत पाऊल टाकताच मारिगोचा हुंदका कुठल्या सुरात आहे हे त्याच्या ध्यानात आलं होतं. आईचा चेहरा त्यानं त्यानंतर पाहिला होता.

“सारान्तोसच्या कॉफीखान्यात जाऊन बस पुरुषांबरोबर,” काकू म्हणाली. “पाद्री येईपर्यंत वेळ आहे मला.”

त्यानं आईच्या कपाळावर ओठ टेकले आणि तो निघाला. मागं दाराला आतून कडी लागली.

कॉफीखान्यातले म्हातारे उठून उभे राहिले. सारान्तोस त्याच्या लहानपणचा सवंगडी. त्यानं बिनसाखरेची कॉफी आणि ब्रँडी आणून ठेवली. आर्गिरिस ऐकू येऊ नये म्हणून तिथं आला होता, पण बसला घराकडच्या उघड्या खिडकीशी. वाराही तिकडूनच होता.

थोड्या वेळानं आवाज आला. काकूचा, फाटका, थकलेला. ‘पोलिक्सेनी गं...’ आईचं पूर्ण नाव त्यानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. चाल निराळी होती, लिगोरिसच्या चालीचा तिच्यात मागमूसही नव्हता. या बाईनं आपल्या जावेसाठी नवी चाल काढली होती. आर्गिरिस खुर्चीतून अर्धा उठला, खिडकीबाहेर झुकला.

खांद्यावर हात पडला. सारान्तोसचे डोळे भरून आले होते.

“मास्तर, आम्हा गड्यांना विलाप येत नाही. पण तुझी आई आमचीही आई होती रे. आमच्याकडे एवढंच आहे.”

आणि त्यानं ज्यूकबॉक्समध्ये मूठभर नाणी सोडली.

“नको,” आर्गिरिस म्हणाला, पण तोवर बुझुकीनं खोली भरून टाकली होती. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. सगळे गाऊ लागले, बंदरातल्या त्या प्रेयसीचे शब्द, आणि खरोखर रडू लागले. एकानंही बशी फोडली नाही.

“बंद कर, सारान्तोस!”

“रड, मास्तर, रड. लाजू नकोस.” सारान्तोसनं त्याला छातीशी आवळलं. सारान्तोस मूळचा गवंडी, त्याची मिठी सुटता सुटेना. गाणं संपलं आणि पुन्हा सुरू झालं. म्हाताऱ्यांना आता सूर सापडला होता.

तिसऱ्या खेपेला आर्गिरिस कसाबसा सुटला, यंत्रामागं गुडघ्यांवर सरपटत गेला आणि त्यानं वायर उपटली.

बाहेर आता वारा तेवढा ऐकू येत होता. समोर घराचं दार उघडं होतं, उंबऱ्यात पाद्री उभा होता आणि बायका केस बांधत होत्या.

“काय झालं, मास्तर?” सारान्तोस भांबावून म्हणाला. “तुझंच तर गाणं.”

“माझं नाही ते,” आर्गिरिस म्हणाला. “लिगोरीचं आहे.”

हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. आणि जिला ते ऐकवायचं होतं ती तिकडे पाठमोरी उभी राहून डोक्याला काळा रुमाल गुंडाळत होती.