दालेतचं टोक

व्हेनिसच्या आमच्या छापखान्यात हिब्रू पुस्तकांची मुद्रितं मी, ज्यू कालोनिमोस, तपासायचो. त्या दिवशी मी ओरडलो, "छपाई थांबवा! दालेत अक्षराचं टोक तुटलंय, त्याचं रेश अक्षर झालंय!"

"ए पिवळी टोपी," छपाईवर देखरेखीला नेमलेला पाद्री अँसेल्मो, ज्यूंना सक्तीनं घालावी लागणाऱ्या माझ्या टोपीकडे बघत हसला. त्याला आपल्या हिब्रूचा भारी तोरा. "एवढ्याशा टोकासाठी? कीस काढायची खोडच तुम्हाला!"

"मग तुम्हीच वाचा की, पाद्रीबाबा. अर्थासकट, मोठ्यानं!"

त्यानं ऐटीत सुरुवात केली. "आपला परमेश्वर..." जीभ अडखळली. "...दुसराच आहे?"

"'एकच आहे' हवं होतं," मी म्हणालो. "टोक तेवढं राहिलं."

पांढराफटक पडून त्यानं स्वतःच छपाई थांबवली. मग माझ्यासमोर स्टूल ओढून हळूच विचारलं, "गुरुजी, दालेत कसं काढायचं?"