सकाळचा फोन

मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन बोलतोय. आजवर माझ्यातून दुसरेच बोलले. मी नुसतं ऐकलं आणि पोचवलं. आज थोडं माझं ऐका.

डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात हेमचंद्रकाकांनी मला आणून लावलं. रंग सायीसारखा, बटणं दणकट, आणि वेटोळी वायर एवढी लांब की सुवर्णाकाकू रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये धरून थेट शेगडीपर्यंत जायच्या. काका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. रविवारी साताऱ्याला फोन लागला की दोघं इतक्या मोठ्यानं ओरडायचे, मला वाटायचं, यांना माझी गरजच काय!

त्यांची मुलगी अनया माझ्यासमोर रांगली, माझ्यावरच मैत्रिणींशी तासन्‌तास बोलली आणि पुढे नोकरीसाठी व्हर्जिनियात, हर्नडनला गेली. घरात मोबाईल आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. पण काकू गेल्या, तेव्हा ती बातमी काकांनी सगळ्यांना माझ्यावरूनच कळवली. त्यानंतर त्यांचा हात दुसऱ्या फोनकडे गेलाच नाही.

मग काका विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग इंग्रजी. ज्या भाषेत जन्मभर मीटिंगा घेतल्या ती हळूहळू निघून गेली, साताऱ्याची मराठी तेवढी उरली. अनयानं त्यांना हर्नडनला नेऊन पाहिलं. तिथे ते दिवसभर बूट घालून दाराशी बसायचे. "घरी सोड गं मला," एवढंच म्हणायचे. शेवटी तिनं त्यांना परत आणलं आणि इथल्या नगरपालिकेच्या वृद्धसेवेत त्यांचं नाव घातलं. दुपारी एक माणूस गरम जेवण घेऊन यायचा. आणि सकाळी लोरेटाचा फोन यायचा.

लोरेटा नगरपालिकेत काम करायची. काकांचं इंग्रजी आटतंय हे तिच्या लक्षात आलं, तसं तिनं अनयाकडून चार मराठी शब्द मागून घेतले.

"मिस्टर हेम, जेवलाट का?"

"लाट नव्हे बाई, लात! जेवलात!" काका शिकवायचे आणि आपल्याच बोलण्यावर खळखळून हसायचे. तिकडे तीही हसायची. कशाला हसतोय ते तिला कळत नसे. मग "गोली गेटली?" काका गोळी घ्यायचे, ती तोवर थांबायची. आवाज जड वाटला की दुपारच्या माणसाला सांगायची, जरा बसून ये त्यांच्याजवळ.

मग सेवा आधुनिक करायची ठरली. गावात म्हातारी माणसं वाढली होती, कामाला माणसं कमी होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. गरम जेवणाऐवजी आठवड्याचं गोठवलेलं जेवण खोक्यातून दारात येऊ लागलं. लोरेटाला लायब्ररीत पाठवलं.

"मिस्टर हेम," शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "उद्यापासून दुसरा आवाज येईल. छान आवाज आहे." तिचा स्वतःचा आवाज मात्र फाटला होता. काकांना काही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आवाज आला. बाईचाच, गोड, इंग्रजीतला. तुम्ही ठीक असाल तर एक दाबा, मदत हवी असेल तर दोन दाबा.

"कोण आपण?" काकांनी विचारलं. "सुवर्णा बाहेर गेलीय. थांबता का?"

तो आवाज थांबत नसे. तेच वाक्य पुन्हा म्हणून फोन ठेवायचा. बटण दाबलं गेलं नाही की तिकडे अनयाच्या मोबाईलवर सूचना जायची आणि ती बिचारी मीटिंग सोडून मला फोन करायची. असं रोज व्हायला लागलं. एका शनिवारी ती विमानानं आली. डोळे सुजलेले. आरशाजवळ काकूंच्या टिकल्यांचं पाकीट तसंच होतं. त्यातली लाल टिकली तिनं माझ्या एकच्या बटणावर चिकटवली.

"बाबा, फोन आला ना, की ही आईची टिकली प्रेस करायची. बाकी काही नाही. ओके?"

"सुवर्णाची?"

"हो, बाबा."

दोघांनी कितीदा तरी सराव केला. काकांना जमलं. त्यानंतर अनयाच्या मोबाईलवर रोज हिरवी खूण उमटू लागली. मी तिला दोष देत नाही. कित्येक महिन्यांनी ती पोर शांत झोपली असेल.

जानेवारीत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. बाहेर बर्फाचे ढीग होते. काकांनी कोट चढवला, त्यावर काकूंची शाल घेतली आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिले. सकाळी मी वाजलो.

"फार गार झालंय हो," काका त्या गोड आवाजाला म्हणाले. आणि टिकली दाबली.

"थँक यू. हॅव अ ग्रेट डे."

संध्याकाळी अनयानं विचारलं, "बाबा, ऑल गुड?" काका म्हणाले, "बरं आहे." बाप मुलीला दुसरं काय सांगणार? पुढच्या सकाळी त्यांना उठवत नव्हतं. तरी मी वाजलो म्हणून ते भिंत धरत आले. टिकली दाबल्यावरही बोट तिच्यावरच ठेवून उभे राहिले. मी ओरडू शकलो असतो तर! पण मला फक्त वाजता येतं.

त्या दुपारी मी पुन्हा वाजलो. लोरेटा होती. जुन्या लोकांना फोन करायचे नाहीत असं तिला बजावलं होतं, तरी तिनं स्वतःच्या मोबाईलवरून केला.

"मिस्टर हेम, जेवलाट का?"

काका तिच्याशी खूप बोलले. सुवर्णा, सातारा, गारठा, सगळं एकात एक. तिला एक शब्दही कळला नाही. पण त्यांचे दात वाजत होते, ते तिला कळलं. थोड्याच वेळात दाराशी रुग्णवाहिका आली. मागोमाग लोरेटाही धापा टाकत आली, काकांचे हात आपल्या हातांत धरून बाहेर गेली. काका परत आले नाहीत. न्यूमोनिया फार खोल गेला होता.

अनयानं माझ्यावरूनच नगरपालिकेला फोन केला. पलीकडचा माणूस सज्जन होता. चाचरत म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे रोज ते ठीक असल्याची नोंद आहे."

"मीच शिकवलं त्यांना," ती म्हणाली.

काल लोरेटा घरी आली. त्या दोघी एकमेकींना पहिल्यांदाच निवांत भेटत होत्या. रिकाम्या ओट्यापाशी उभं राहून लोरेटानं विचारलं, "फोन ठेवताना ते रोज मला एक सांगायचे. तुला विचारीन म्हणत राहून गेलं. येट जा. म्हणजे काय?"

अनयानं आधी डोळे पुसले. "येत जा," ती म्हणाली. मग इंग्रजीतून समजावलं, "दारातून निघणाऱ्या पाहुण्याला म्हणतो आम्ही. पुन्हा या, येत राहा."

लोरेटा खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.

घर विकायला काढलंय. आज दुपारी माझी लाईन बंद होईल, म्हणून घाईनं बोललो. तुमचंही कुणी लांब, एकटं असेल. त्यांना फोन करा. 'बरं आहे' म्हणतील. लगेच ठेवू नका. थोडं थांबा, पुढचं ऐका.