आंदणाची यादी

सोमवारी तांब्याचा हंडा आला, मंगळवारी समयांची जोडी आली आणि बुधवारी गाय आली. दिनकर ढाणे दुसऱ्या मजल्यावर राहत होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती, तेव्हा गाय जिन्यानंच आली असणार, असं घरात सगळे धरून चालले. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली ती उभी होती. रंगानं कपिला, डावं शिंग जरा वाकडं. कागदात लिहिलं होतं अगदी तसंच.

"हिला आता काय घालू?" शालननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं.

"मेथीच्या काड्या असतील त्या घाल," दिनकर म्हणाला आणि चपला काढून तिथंच भिंतीला टेकून बसला. नवल करायचं तर अंगात थोडं तरी त्राण लागतं, आणि दिनकरचं त्राण कधीच संपलं होतं.

सात महिने तो हेलपाटे घालत होता. मयूरी, त्याची एकुलती एक पोरगी, बारावी झाली होती आणि नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. नंबर पक्का व्हायला कुणबी असल्याचा दाखला हवा होता, आणि दाखला हवा तर वाडवडिलांपैकी एकाच्या नावापुढं जुन्या कागदात 'कुणबी' हा शब्द सापडायला हवा होता. एकच शब्द हो! शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दाखला नाही आला, तर जागा खालच्या नंबरवालीला जाणार होती. मयूरीनं पांढरा कोट आधीच शिवून घेतला होता आणि तो कपाटाच्या दाराला लटकत असायचा. दिनकरला त्याच्याकडं बघवत नसे.

जुने कागद सगळे मोडी लिपीत, आणि डेअरीत दुधाचं फॅट काढायचं काम करणाऱ्या माणसाला मोडी कुठली यायला? ते वाचून द्यायला दप्तरखान्यात प्रभुणे बाई बसायच्या. बाईंचे डोळे इतके गेले होते की दिवसाला एकच ओळ वाचून व्हायची, त्यापुढं नुसतं पाणी. लाल फडक्यात बांधलेल्या शेकडो गठ्ठ्यांतून शेवटी त्यांनी एक कागद बाहेर काढला होता. ढाण्यांच्या घरात सून आली तेव्हा तिच्या बापानं आंदण म्हणून काय काय दिलं, त्याची यादी. सोमवारी बाईंनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली, 'हंडा एक तांब्याचा', आणि दिनकर घरी पोचला तो हंडा स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी समया, तिसऱ्या दिवशी गाय.

हंडा मावेना म्हणून फ्रीज बाहेरच्या खोलीत सरकवला होता, समयांच्या मधून जायचं म्हणजे अंग चोरावं लागायचं, आणि गॅलरीचं दार गाईमुळं उघडेनासं झालं होतं. तिचं दूध काढून दिनकरनं डेअरीच्या यंत्रावर लावलं. फॅटच्या जागी आकडा आला सोळाशे चौऱ्याण्णव. त्यानं यंत्र पुसून परत लावलं, तरी तेच.

"शक असेल, त्या यादीचं जुनं साल," मयूरी म्हणाली. "पप्पा, पण हे सगळं आपलंच ना?"

"आपलंच की. वाडवडिलांचं म्हणजे आपलंच." हे म्हणताना त्याला जरा बरं वाटलं. ढाण्यांचा मूळपुरुष येसाजी. दोन वर्षांपूर्वी भावकीचं संमेलन झालं, तेव्हा चुलतभावानं येसाजीचा फ्लेक्स लावला होता. हातात तलवार, भरघोस मिशा, खाली घोडा. चित्र कुठून आणलं हे कुणी विचारलं नव्हतं. तर अशा माणसाच्या घरात गाय यायचीच.

गुरुवारी यादीतली शेवटची ओळ उरली होती. बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, भिंग कागदावर धरलं आणि अक्षर अक्षर लावायला सुरुवात केली.

"कु," बाई म्हणाल्या. "ण. बी."

दिनकर ताडकन उठला. त्यानं बाईंपुढं हात जोडले. "बाई, तुमचे उपकार फेडू कसे? अहो, एवढंच तर पाहिजे होतं!"

"बसा. ओळ संपली नाही. पुढं अजून एक ण आहे."

"असू दे की."

"कुणबीण. कुणबीण नामे येसी एक, उमर अठरा."

दिनकर बसला. मग म्हणाला, "म्हणजे कुणब्याची बायको. झालं की मग! कुणबीच."

"इथं येणारे सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. "कुणबी जातीची बाई निराळी. या यादीत बघा, हंडा एक, समया दोन, गाय एक, कुणबीण एक. ही विकत घेतलेली बाई. बटीक. लेकीला सासरी पाठवताना सोबत द्यायची."

"पण येसी म्हणजे आमचा येसाजी. राणू बिन येसी, म्हणजे येसीचा मुलगा राणू, असं तुम्हीच वाचलं होतं, मागच्या महिन्यात."

"वाचलं होतं. त्यात 'जी' नव्हताच, तो तुम्ही घरून आणलात. राणूला बापाचं नाव द्यायला कुणी पुढं आलं नसेल, म्हणून आईचं लागलं. आणि आडनाव, ज्या घरात ती राबली त्या घराचं."

दिनकरच्या डोळ्यांपुढं तो फ्लेक्स आला. मग कपाटाला लटकणारा कोट आला. त्याला लाज वाटली, आणि लाज कशाची वाटते आहे हेच नीट कळेना, म्हणून रागही आला. "ह्याच्यावर दाखला?"

"नाही मिळायचा."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. पुसतच राहिल्या. मग आवाज न बदलता म्हणाल्या, "मोडीत आधी पानभर रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. कुणबीण नामे, असं आहे. ण आणि न लागूनच आलेत. एखादा नजरेतून सुटू शकतो. माझे डोळे तर कचेरीत सगळ्यांना माहीत आहेत. तुम्ही सांगाल तसं उतरवते."

दिनकर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. त्याला इतका थकवा आला होता की वाटलं, इथंच गठ्ठ्यांवर डोकं टेकावं आणि कुणी हाक मारेपर्यंत उठू नये.

"कुणबी नामे," तो म्हणाला.

बाईंनी लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला.

घरी आला तेव्हा जिना धुतलेला होता. नुसता त्याच्या मजल्यापर्यंत नाही, पार गच्चीपर्यंत. शालन दारातच उभी होती.

"आलीय," ती म्हणाली. "दुपारपासून बसली नाही. खुर्ची दिली तर खुर्ची पुसून ठेवली. ताट वाढलं तर ताट घासून आणलं. मी हात जोडले हो तिला, बाई थांब म्हणून! अंगावरचं लुगडं पार विरलेलं, मयूरीचा कॉलेजचा जुना ड्रेस दिलाय घालायला."

स्वयंपाकघरात हंड्यामागं ती उभी होती. फिक्या निळ्या ड्रेसमध्ये. दिनकरला बघून ती भिंतीला आणखी चिकटली.

"काय करू जी?" तिनं विचारलं.

"काही नको. बस."

ती बसली नाही. 'बस' हे आपल्याला म्हटलेलं असेल, असं तिला वाटलंच नाही. तिनं मागं वळून बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून. मग तिनं ओल्या हातांच्या मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले, आणि शालननं दिनकरच्या दंडाला धरलं.

"बघितलंत? मयूरी अशीच करते. तुमच्या आईपण अशाच करायच्या. अहो, ही कोण आहे?"

"यादीतली आहे," दिनकर म्हणाला.

मयूरी आतून आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. उंची एक, नाक एक, हनुवटीवरची खळी एक. मयूरीनं विचारलं, "पप्पा, ही आपली कोण?"

"दाखला मिळाला की सांगतो."

"मिळाला की का? आत्ता सांगा की."

"मयूरे, डोकं खाऊ नकोस माझं!" तो ओरडला. ओरडल्याबरोबर येसीनं पटकन केरसुणी उचलली, काम चुकलं असेल म्हणून. मयूरी तिच्याकडं बघत राहिली, मग बापाकडं, आणि आत निघून गेली. बाईंनी उतरवून दिलेली यादी टेबलावर पडलेली होती, गाईच्या खाली येसी, उमर अठरा, आणि मयूरीला वाचता येत होतं. त्यानंतर ती बापाशी बोलली नाही. सकाळीही नाही.

शुक्रवारी दिनकर मयूरीला घेऊन निघाला. येसीला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण ती तीन पावलं मागं राहून येत राहिली. दिनकर थांबला की थांबायची, चालला की चालायची. मयूरीनं कॉलेजचा दुसरा, तसाच निळा ड्रेस घातला होता, कचेरीत तोच बरा म्हणून. ती मुद्दाम हळू चालायला लागली आणि बसस्टँड येईतो येसीच्या बरोबरीला आली. मग येसी हळू झाली. मग मयूरी आणखी हळू झाली. असं करत करत त्यांना पोचायलाच चार वाजले.

दाखल्याच्या खिडकीपुढं रांग होती आणि प्रत्येकाबरोबर आपापल्या कागदातलं काही ना काही होतं. पुढच्या गृहस्थांनी एक घोडी धरली होती. मागं एक बाई डोक्यावर आख्खा दरवाजा घेऊन उभी होती, चौकटीसकट. कुणी दुसऱ्याच्या वस्तूकडं बघत नव्हतं. रांग सरकली की भिंती सरकत होत्या आणि खिडकीशी पोचेपर्यंत दिनकरचे दोन्ही खांदे भिंतींना लागले. पाचाला सात मिनिटं कमी होती.

खिडकीतल्या कारकून बाईंनी कागद उजेडात धरला. "कुणबी नामे येसी. येसी बाई का पुरुष?"

"पुरुष," दिनकर म्हणाला. "येसाजी. तलवार वगैरे होती."

"तुमचे कोण?"

"मूळपुरुष."

"ठीक." त्यांनी रकाना भरला, शिक्का शाईत दाबला आणि मान वर केली. दिनकरच्या खांद्यावरून त्यांनी मागं बघितलं. "आणि ही मागची कोण?"

दिनकरला वाटलं, खरं बोलावं. खापरपणजी म्हणावं, आई म्हणावं, काहीही म्हणावं. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याला इतकं मनापासून काही वाटलं. पण तो पांढरा कोट, आणि पाचाला पाच मिनिटं.

"घरी कामाला असते," तो म्हणाला.

येसीनं मान डोलावली. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. हे तिनं आधी पुष्कळदा ऐकलेलं होतं. कामाला आहे म्हटल्यावर तिनं लगेच मयूरीच्या खांद्यावरची सॅक घ्यायला हात घातला. मयूरीनं पट्टा सोडला नाही. येसीनं ओढला, मयूरीनं आणखी घट्ट धरला. दोघींच्या मुठी एकाच पट्ट्यावर, एकीला लागून एक.

कारकून बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "यातली कामाची कोणती?"

दिनकरनं वळून बघितलं. निळा ड्रेस आणि निळा ड्रेस. हनुवटीवरची खळी आणि खळी. तो डाव्या बाजूची म्हणणार होता, तेवढ्यात त्याला वाटलं, मघाशी मयूरी डावीकडं होती का? तिनं तोंड उघडलं असतं तर आवाजावरून कळलं असतं.

"मयूरे," त्यानं हाक मारली. ओ आली नाही. "अगं बाळा, बोल की. पाया पडतो तुझ्या."

दोघी त्याच्याकडं बघत होत्या. एकीला बोलायची परवानगी नव्हती आणि दुसरी बोलणार नव्हती, आणि दोघींचे चेहरे सारखेच गप्प होते.

"आवरा हो," कारकून बाई म्हणाल्या. त्यांचा एक हात शिक्क्यावर होता, दुसरा खिडकीच्या झडपेवर. "एकीचं नाव दाखल्यावर घालायचं, एकीचं परत यादीत. कोणती कुठं, ते बोटानं दाखवा."

दिनकरनं हात वर केला. दोघींनी एकदमच मान खाली घातली.