हॅमस्टरच्या लग्नाचा पिंजरा

साल होतं १९९४. पेरू देशातल्या पुनो गावात, तळ्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, सेरापिओ नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या माणसाने मला घडवलं. मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. तळाला तेलाच्या डब्याचा पत्रा, वर तारेची जाळी आणि बाजूला छोटंसं दार. ते दार ‘टक्’ असं बसायचं, आणि सेरापिओला त्या ‘टक्’चा फार अभिमान होता.

शेजारच्या असुन्ताआजीने मला आपल्या नातीसाठी करवून घेतलं. नात म्हणजे नेलिदा, वय वर्षं नऊ. तिचे आईवडील लिमाला कामाला होते, घरात या दोघीच. चुलीपाशी आजीचे दहाबारा कुई असत. कुई म्हणजे तुमचे गिनीपिग. ते एकमेकांना चिकटून लसूणघास खात आणि दिवसभर कुरकुरत. सणाला त्यातला एखादा ताटात यायचा, म्हणून आजी त्यांना कधी नाव देत नसे. नेलिदाला नाव देता येईल असा प्राणी हवा होता.

मला उचलून दोघी बाजारात विल्फ्रेदोकडे गेल्या. तो पक्षी, मासे आणि हॅमस्टर विकायचा.

“काका, हे चिमुकले द्या ना! दोन!” नेलिदा म्हणाली.

“ते छोटे दिसायला गोड, पण पाऱ्यासारखे हातातून निसटतात,” विल्फ्रेदो म्हणाला. “सख्खी भावंडं असली तर कधीकधी एकत्र नांदतात, तरी लक्ष ठेवावंच लागतं. शिवाय तुझ्या या जाळीतून ते सहज पळतील. हा लांब शेपटीचा जरा बुजरा आहे. हा मोठा, सोनेरी घे. हाताला लवकर सरावतो. पण ऐक पोरी, हा एकटा राहणारा. एका पिंजऱ्यात एकच. दिवसा झोपतो, संध्याकाळी उठतो. झोपलेल्याला उचललंस तर चावेल.”

आजी वाकून बघत म्हणाली, “एवढासा! एका घासालाही पुरायचा नाही.”

“आजी!”

“बरं बाई, नाही खात. पण एकटं राहणारं जनावर मी तरी जन्मात पाहिलं नाही. चाळीस वर्षं कुई पाळतेय मी, विल्फ्रेदो. तुझं वय किती?”

“अडतीस. पण आजीबाई, हा कुई नाही.”

“चार पाय आहेत, पुढे दात आहेत. मग काय बिशप आहे?”

सगळा बाजार हसला. विल्फ्रेदोही हसला आणि त्याने सोनेरी पिल्लू माझ्यात सोडलं.

सोनेरी पिल्लाचा रंग दालचिनीसारखा, म्हणून नेलिदाने त्याचं नाव कानेलो ठेवलं. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. नेलिदा रोज ओला कागद काढून कोरडा कागद फाडून घाली. कुरतडायला लाकडाचा तुकडा ठेवी, कारण त्याचे दात सारखे वाढतात. सेरापिओने गजांचं नाही, सपाट पत्र्याचं चाक करून दिलं, म्हणजे पाय अडकायला नको. संध्याकाळी कानेलो उठायचा, राजगिऱ्याएवढे किनोआचे दाणे गालात भरभरून कोपऱ्यात नेऊन लपवायचा. आईची आठवण आली की नेलिदा माझ्याशेजारी बसून त्याच्याशी बोलायची. शाळेत काय झालं ते तिने आजीच्या आधी त्याला सांगितलेलं असायचं.

आजी हे बघायची. तिला वाटे, पोर एकटी, प्राणीही एकटा.

चोवीस जूनला सान हुआनचा सण आला. त्या दिवशी आमच्या पठारावर मेंढरांची लग्नं लावतात. कानात रंगीत लोकर ओवतात, तोंडाला वाईनचा थेंब लावतात, कळप वाढावा म्हणून. गावात राहायला आल्यापासून आजीकडे मेंढरं उरली नव्हती. नेलिदा शाळेत नाचायला गेली होती. आजी बाजारातून कानेलोसाठी नवरी म्हणून एक सोनेरी मादी घेऊन आली. विल्फ्रेदोच्या दुकानातून नाही, दुसऱ्याच्या. तो काही सांगेल याची तिला भीती असावी.

“असुन्ताबाई, पाद्री कोण होणार?” सेरापिओने विचारलं.

“तूच हो. टोपी काढ आधी.”

“नवरी नवऱ्याच्या दीडपट आहे हो!”

“तुझी बायकोसुद्धा आहे. तू मेलास का?”

शेजारणी पोट धरून हसल्या. दोघांच्या पाठीवर फुलांच्या पाकळ्या पडल्या. मादीला राणी हे नाव मिळालं. भर दुपारी, झोपेतून उठवलेल्या कानेलोच्या घरात ती शिरली. माझं दार लागलं, टक्, आणि मंडळी अंगणात चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, प्यायला गेली.

आधी त्यांनी एकमेकांना हुंगलं. मग राणी दात वाजवू लागली. मित्रांनो, हॅमस्टर दुष्ट नसतो. शेतात असा पाहुणा आला तर एक जण दुसऱ्याला हाकलतो, दुसरा पळून जातो आणि भांडण मिटतं. कानेलो पळालाच. चाकामागे गेला, कोपऱ्यात गेला, दारापाशी आला. पण माझ्यात पळायला जागाच नव्हती. ज्या दाराचं एवढं कौतुक झालं होतं, ते काही केल्या उघडेना. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी किती लहान आहे.

नेलिदा नाचाचे कपडे घालूनच धावत आली. तिच्या किंकाळीने सगळे आत आले. सेरापिओने चामड्याचा हातमोजा घालून राणीला बाहेर काढलं. कानेलोचा अर्धा कान गेला होता, पाठीला खोल जखम होती. नेलिदा आजीला एवढंच म्हणाली, “काकांनी सांगितलं होतं.”

आजीने मला पाठीवरच्या शालीत बांधलं आणि थेट विल्फ्रेदोच्या दुकानात आणलं.

“हसायचं असेल तर हसून घे,” ती म्हणाली. “मला यातलं काही कळत नाही. काय करू ते सांग.”

विल्फ्रेदो हसला नाही. त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि आजीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जखम धुऊन औषध दिलं. परतताना विल्फ्रेदो सांगत होता, “उबेला ठेवा, चुलीच्या धुरापासून लांब. कापूस घालू नका, धागे पायाला गुंडाळतात. मऊ कागद घाला. आणि सारखं उचलू नका.”

आजीने गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून माझ्या एका बाजूला ठेवली, म्हणजे कानेलोला नको असेल तेव्हा दूर सरकता यावं. दोन दिवस ती माझ्यापाशी बसून होती. नेलिदा दाराच्या चौकटीतून बघायची आणि निघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी औषध लावत होती.

“हळू, आजी. त्या बाजूला दुखतं त्याला.”

आजीने मान वर केली नाही. “मग तू धर. कसं धरायचं ते मला दाखव.”

नेलिदाने आपल्या दोन तळव्यांची वाटी केली आणि आजीचेही हात तसेच करून कानेलोच्या खाली धरले.

कानेलो जगला. पुढे दोन वर्षं, अर्ध्या कानाने. राणीला सेरापिओने माझ्या दुप्पट लांबीची पेटी करून दिली. त्यात ती एकटी, अगदी मजेत राहिली. मात्र सेरापिओने पुन्हा कुणाच्या लग्नात पाद्री व्हायला नकार दिला. २००३ साली तो मुलाकडे ताक्ना शहरात राहायला गेला. विल्फ्रेदो हॅमस्टर विकण्याआधी गिऱ्हाइकांना आजीकडे पाठवू लागला, आणि आजी त्यांना ठणकावून सांगे, “पाळायचा असेल तर आधी विल्फ्रेदोचं ऐका, माझं नाही.” ती २०११ मध्ये वारली. नेलिदाचे आईवडील त्याआधीच लिमाहून परत आले होते. नेलिदा आता आरेकिपा शहरात शिक्षिका आहे.

मी तिच्याच घरच्या माळ्यावर आहे, माझ्यात कांदे ठेवतात. परवा नेलिदाच्या मुलीने मला खाली काढलं. तिला हॅमस्टर हवा आहे.

नेलिदाने मला हातात घेतलं, धूळ पुसली आणि म्हणाली, “हा नको गं. हा फार लहान आहे. आपण मोठी पेटी करू.”

मला वाईट वाटलं नाही. मित्रांनो, प्राणी आणण्याआधी त्याची जात कोणती, त्याला सोबत हवी की एकांत, हे विचारा, आणि मग त्याला पुरेल एवढं घर आणा. माझ्यात मात्र कुणाला ठेवू नका. माझ्यात कांदेच बरे.