आत्याच्या हातचं

वसतिगृहात मुलींना ताप आला की पहिला आळ पाण्यावर येतो. त्या वर्षीही तसंच झालं. रेक्टरबाईंनी गच्चीवरच्या टाक्या घासून घेतल्या, पाणी गाळायचं यंत्र बदललं, दूधवालाही बदलला. बाहेरचं खाऊ नका, अशी पाटी जिन्यात लागली. तरी ताप हटेना. एक मुलगी उठून बसते न बसते तोच दुसरी आडवी होई. रक्ताच्या तपासणीत टायफॉइड निघाला, तेव्हा घाबरलेले पालक येऊन आपापल्या मुलींना घरी नेऊ लागले.

या धावपळीत स्वयंपाकघर तेवढं वेळेवर चालू होतं, ते आत्यामुळे. आत्या म्हणजे तिथली मुख्य स्वयंपाकीण. पन्नाशी उलटलेली, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. दोनशे मुलींची पोटं हाच तिचा संसार. कोण कांदा बाजूला काढते, कुणाचं घरी भांडण झालं की जेवण तुटतं, हे तिला नुसत्या ताटावरून कळायचं. आजारी मुलींना ती फळं चिरून, दूध निववून स्वतः खोलीवर नेऊन द्यायची. आपण आहोत म्हणून या पोरी तगल्या, अशीच तिची समजूत होती.

शेवटी आरोग्य खात्याच्या डॉक्टरबाई आल्या. पाणी आणि दूध तपासून झालंच होतं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या माणसांच्या शौचाची तपासणी करायला सांगितली. सगळ्यांनी नाकं मुरडली, पण नमुने दिले. जंतू सापडले ते एकट्या आत्याच्या नमुन्यात.

आत्या हसलीच. म्हणाली, "अहो, मला साधी शिंक येत नाही. मी कधी अंथरूण धरलेलं कुणी पाहिलंय का, विचारा इथं."

डॉक्टरबाईंनी तिला बसवून घेतलं आणि पूर्वी कधी लांबलेला ताप आला होता का, असं विचारलं. आला होता. लग्न नवं असताना मुदतीच्या तापानं ती मरता मरता वाचली होती. डॉक्टरबाईंनी समजावलं, की तेव्हा ताप गेला, पण जंतू गेले नाहीत. काही जणांच्या पित्ताशयात ते घर करून राहतात. त्या माणसाला काहीच त्रास होत नाही. जंतू शौचावाटे बाहेर पडतात, हात धुतले तरी कधी थोडे राहून जातात आणि न शिजवलेल्या किंवा गार पदार्थांतून दुसऱ्याच्या पोटात जातात.

"म्हणजे मी घाणेरडी, असंच ना?"

"नाही. यात तुमचा काही दोष नाही. पण आत्या, इथं दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या जिवाला धोका किती, हा एक. तुमच्यामुळे इतरांना धोका किती, हा दुसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देताय."

"इतकी वर्षं रांधतेय मी. तेव्हा का नाही कुणी आजारी पडलं?"

"पडलं असेल अधूनमधून, कुणाच्या लक्षात आलं नसेल. एका ताटाचा विचार केला तर धोका अगदी थोडा. पण तुम्ही एक ताट वाढत नाही. दोनशे ताटं वाढता, दोन्ही वेळा, वर्षभर. एका ताटाला जे क्वचित घडतं, ते इतक्या ताटांत कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतंच."

त्यांनी महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या संपल्या की पुन्हा तपासण्या, नाहीच गुण आला तर पित्ताशयाचं ऑपरेशन. आणि तपासणी निर्मळ येईपर्यंत दुसऱ्यासाठी स्वयंपाक बंद.

बातमी फुटली तर वसतिगृहाचं नाव जाईल, ही रेक्टरबाईंची धास्ती. त्यांनी आत्याला दुसऱ्याच दिवशी निरोप दिला आणि ती गावी गेली, असं मुलींना सांगून टाकलं. बरी झाल्यावर परत ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. तोवर कशावर जगशील, हेही कुणी विचारलं नाही. डॉक्टरबाईंनीसुद्धा नाही.

आत्या भाड्याच्या खोलीत बसून राहिली. हाताला काम नाही, कानावर कुणाची हाक नाही. एकटीपुरतं रांधायची तिला सवयच नव्हती; उरलेलं अन्न पाहून तिला रडू फुटे. काही दिवस तिनं गोळ्या घेतल्या. मग धडधाकट माणसानं औषध कशाला गिळायचं, असं म्हणून सोडून दिल्या. घरमालकाचा तगादा सुरू झाला, तशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागली. मालकाला अनुभवी हात हवे होते. त्यानं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. आपण हात रगडून धुतो ना, मग झालं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

तिथं रोज रुग्णांचे नातेवाईक जेवायला येत. त्यांत एक लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. ताट घेऊन बसायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा. आत्यानं एकदा आपणहून चौकशी केली. त्याची मुलगी अतिदक्षता विभागात होती. टायफॉइडनं आतड्याला भोक पडलं होतं, दोन ऑपरेशनं झाली होती. आई नव्हती, बाप-लेक दोघंच. तो म्हणाला, "होस्टेलवर शिकायला ठेवली होती. तोंडाला कुलूप म्हणून नाही, सगळे तिला रेडिओ म्हणायचे. आता डोळे उघडते तेव्हा एकच विचारते, आत्या परत आली का. तिथल्या स्वयंपाकीणबाई हो. फार जीव लावला होता म्हणे त्यांनी."

आत्याला पोर ओळखू आली. रेडिओला साधी सर्दी झाली होती, तेव्हा फळं चिरून तिनंच तर भरवली होती.

तेव्हाच तिनं बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. हेही काम जाईल, ही भीती होती. अपराध मनाला इतका टोचत होता, की ती त्या बापाची जास्तच काळजी घेऊ लागली. त्याच्यासाठी वेगळं वाढून ठेवी, दही राखून ठेवी, दोन घास जास्त खा म्हणून मागे लागे. मायेची तिला तेवढीच एक रीत ठाऊक होती. तो म्हणे, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मी उभा आहे.

आणि मग एक दिवस तो जेवायला आला नाही. पुढच्या दिवशीही नाही. आत्यानं वॉर्डातल्या नर्सला गाठलं, तेव्हा कळलं, की तो खालच्या मजल्यावर दाखल आहे. टायफॉइड. कॅन्टीनमध्ये जेवणारे आणखी काही जणही तापानं पडले होते. बायकोच्या उशाशी बसायला आलेले एक म्हातारे आजोबाही त्यांत होते. ते दुसऱ्या दिवशी गेले.

ते कळलं, तेव्हा आत्या जिन्यातच बसली. आपल्याला शिंकही आली नाही, आणि माणूस मेला! वर लेक, खाली बाप, आणि दोघांच्या मधे आपण, हातात डाव घेऊन! लोक ये-जा करत होते. कुणीतरी तिला विचारलं, कोण आजारी आहे तुमचं? ती उठून कॅन्टीनकडे गेली.

तिनं ॲप्रन काढून ठेवला, मालकाला खरं काय ते सांगितलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि तडक आरोग्य खात्याच्या कचेरीत गेली. डॉक्टरबाईंसमोर उभी राहून म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला कोंडून घाला. पण मला यापुढे स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "चुकलात, हे खरंच. माणूस गेला, त्याची भरपाई नाही. पण मीही तुम्हाला थांबा म्हटलं आणि थांबून जगायचं कसं, हे विचारलं नाही. सगळ्यांच्या भल्याचं ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाले."

मग आत्या मेकॅनिककडे गेली आणि पलंगाच्या पायाशी उभं राहून तिनं सारं सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती निघणार तेवढ्यात त्याचा तापानं घोगरा झालेला आवाज आला.

"वर पोरीजवळ कुणी नाही. जाऊन बसा तिच्यापाशी. पण तिला काही भरवू नका."

ती बसली. दिवस दिवस बसली. रेडिओ शुद्धीवर आली, तोंडानं पातळ काही घ्यायची परवानगी मिळाली. नर्सनं वाटी आणली, तेव्हा पोरीनं क्षीण आवाजात हट्ट धरला, "आत्या, तू भरव ना."

आत्यानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. "नको राणी. सिस्टरच्या हातनं घे. मी इथंच आहे." पोर रुसली, रडली. आत्या जागची हलली नाही. आयुष्यभर खाऊ घालूनच जिनं जीव लावला, तिला त्या दिवशी न भरवता जीव लावावा लागला.

बाप-लेक वाचले. मुलीचं वर्ष बुडालं आणि तब्येत पूर्वीसारखी झाली नाही. वसतिगृह आणि कॅन्टीन दोन्हीकडे चौकशी लागली. डॉक्टरबाईंनी वरच्या साहेबांशी भांडून आत्याला रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालायचं काम मिळवून दिलं आणि औषधं समोर बसून घ्यायला लावली. गोळ्यांनी भागलं नाही. ऑपरेशन झालं, मग तपासण्या निर्मळ आल्या. तरी दुसऱ्यासाठी चूल पेटवायला आत्याचं मन पुन्हा धजावलं नाही. आजोबांच्या बायकोला भेटायला ती एकदा गेली होती. त्या बाईनं दार लावून घेतलं.

वाचकहो, तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण अंगात ताप असताना कचेरीत जाऊन बसणारे, खोकणारं मूल शाळेत सोडून येणारे, बरं वाटलं की औषध अर्ध्यावर टाकणारे आपणच असतो. मला काय होतंय, असं म्हणतो आणि ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. होतं ते दुसऱ्याला, आणि आपल्याला त्याचं नावही कळत नाही. म्हणून स्वतःपुरता विचार करून भागत नाही. आपल्यामुळे कुणाला काय होईल, हेही विचारायला हवं. आणि ज्याला आपण सगळ्यांसाठी थांब म्हणतो, त्याच्या ताटात सगळ्यांनी मिळून वाढायला हवं.