डोळे मिटून विचारलेलं

"माझ्याच घरात माझ्या तोंडाला कुलूप घातलंय बघ ह्यानं," शेवंताबाई शेजारच्या बनाबाईला सांगत होती. "टीव्ही खोक्यात घालून माळ्यावर टाकला. मी खोक्यात मावत न्हाय म्हणून खाली राहिलीया."

'ह्यानं' म्हणजे तिच्या लेकानं, दादासोनं. दादासो सरकारी कचेरीत कारकून. त्याची थोरली मुलगी दीक्षा बारावी सायन्सला होती आणि परीक्षा महिन्यावर आली होती. म्हणून गेलं वर्षभर घरात पाहुणा नाही, रेडिओ नाही, मोठ्यानं हसणं नाही. ताट दीक्षाच्या खोलीच्या दारात ठेवायचं आणि मागं फिरायचं. शेवंताबाई शाळा दुसरीत सोडलेली, पण कोडोलीच्या शिवारात तण भांगलताना नुसत्या तोंडानं मुकादमाला घाम फोडलेली बाई. गप बस असं तिला नवऱ्यानं एकदाच म्हटलं होतं. पुन्हा म्हटलं नाही.

"पोरीसाठीच करतोय की," बनाबाई म्हणाली.

"पोरीसाठी? दोन वर्सांमागं दहावीचा सत्कार झाला विहारात, तवा माईक हातात घेऊन म्हणाला, आता पोरगी डाक्टर झाली की बोलवा. तवापास्नं सगळी गल्ली तिला डाक्टरीणबाई म्हणतीया. परवा पांडबानं गुडघा दाखीवला तिला. पोरगी नळाला पाणी भरायला गेलती, आन ह्यो बायकांच्या रांगेत गुडघा उघडा करून उभा."

बनाबाई हसली. शेवंताबाई हसली नाही. तिला आत जायचं होतं, डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. थेंब घालायचं काम दीक्षाचं. दुसऱ्या कुणाला शेवंताबाई डोळ्याला हात लावू देत नसे. दिवसात तेवढाच काय तो वेळ नात आजीजवळ बसायची. थेंब पडले की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, आणि ती पाच मिनिटं आजीच्या तोंडाचं कुलूप निघायचं, कारण दादासो कचेरीत असायचा. आज रविवार होता, पण तो मंडळाच्या मीटिंगला गेला होता. सून शालू मागं धुणं धूत होती.

शेवंताबाई आत आली तर दीक्षानं धाकट्या मनालीला जवळ उभं केलं होतं.

"हात साबणानं धुवायचं. खालची पापणी अशी वढायची. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं न्हाय. आन आज्जी चहात साखर मागंल, द्यायची न्हाय. रुसंल, तरी न्हाय."

मनालीनं थेंब टाकले. एक गालावर पडला, एक डोळ्यात. शेवंताबाईनं एरवी तिचा उद्धार केला असता. आज तिनं नुसता पदरानं गाल पुसला.

दिवाळीपासून ही पोरगी खोलीत रडायची. भिंत पातळ, आजीला ऐकू यायचं. जेवण परत यायचं. आणि कालपासून एकदम चेहरा निवळला होता. काल आईच्या हातातलं धुणं घेतलं, मनालीला आपला निळा स्वेटर दिला, आज औषध सोपवलं. अशी आवराआवर शेवंताबाईला ठाऊक होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघताना तिनं जावेला असंच सगळं लावून दिलं होतं, कुठली म्हैस लाथ मारते इथपासून. बाई लांब निघाली की असं करते.

"मनाले, आईजवळ जा. धुणं पिळू लाग."

मनाली गेली. शेवंताबाई डोळे मिटून तशीच पडून राहिली. हात पुढं करून तिनं चाचपडत नातीचं मनगट धरलं.

"कुठं निघालीस?"

"कुठं न्हाय की."

"मग ही सोपवासोपवी कशापायी?"

मागं धुणं आपटल्याचा आवाज येत होता. बायका म्हणतात, अशा गोष्टीचं नाव घेतलं की ती पोरांच्या डोक्यात शिरते. शेवंताबाईला वाटलं, शिरायची ती कधीच शिरली असणार. आता विचारलं नाही तर पोरगी त्या विचारासोबत एकटीच राहील.

"दीक्षा, मरायचं मनात हाय का?"

मीठ संपलं का, असं विचारावं तसं तिनं विचारलं. तिनं मनगट सोडलं नाही आणि डोळेही उघडले नाहीत. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

"व्हय," दीक्षा म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एक ओळ दहादा वाचली तरी डोक्यात राहत नव्हती. झोप येत नव्हती. सराव परीक्षेत फिजिक्सचा पेपर तिनं कोराच दिला होता आणि घरी सांगितलं नव्हतं. "पप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलंय, आज्जी. मी नसले तर त्यांना खाली बघाय लागणार न्हाय."

शेवंताबाईच्या जिभेवर चार शिव्या आल्या, सगळ्या दादासोच्या नावच्या. तिनं त्या गिळल्या.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "काय आणून ठिवलंयस का?"

दीक्षा उठली. आजी तिच्या मागोमाग उठली, तिच्यासोबत खोलीत गेली. पुस्तकांमागून जे निघालं ते शेवंताबाईनं पदरात बांधलं आणि शालूला बोलावून तिच्या हवाली केलं. काय होतं, ते गल्लीत कुणाला कधी कळलं नाही.

"पप्पांना सांगू नको," दीक्षा म्हणाली.

"सांगणार. ही झाकून ठेवायची गोष्ट न्हाय. पर तू बोलू नको, मी बोलती. आन मी तुला सोडून उठणार न्हाय."

शालूनं भात कालवून आणला. दीक्षानं चार घास खाल्ले आणि आजीच्या मांडीवर झोपली. दादासो आला तेव्हा ऊन उतरलं होतं.

"आई, भर दिवसा हिला झोपू काय दिलंस? महिना ऱ्हायलाय."

"बस खाली."

शेवंताबाईनं सांगितलं. आवाज चढवला नाही, काही गाळलंही नाही. दादासो उंबऱ्यावर चपलेसकट बसला. शालू भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

"मला म्हणाली न्हाय गं," तो म्हणाला.

"तू मार्क इचारायचास. तिला कुठं इचारलंस?"

दादासोनं मुलीच्या पायांकडं पाहिलं. मांडीवरचं डोकं हललं. दीक्षा जागी होती, डोळे मात्र मिटलेलेच.

"मी डोळ्याच्या डाक्टरला इचारलंतं मागं," शेवंताबाई म्हणाली. "थोरल्या दवाखान्यात मनाचा डाक्टर असतोय. उद्या जायाचं."

"आई, लोक येडी म्हणतील तिला. आन परीक्षा..."

शेवंताबाईनं एक हात नातीच्या केसांवर ठेवला आणि लेकाकडं वळली.

"दादासो, तू वाईट बाप न्हाईस. पर पोरगी तुझ्या डोळ्यांदेखत बुडत हुती, आन तू काठावर हुबा ऱ्हाऊन लोकांस्नी सांगत हुतास, बघा कशी पवतीया. उद्या रजा टाक. दवाखान्यात तू यायचंस. डाक्टर इचारंल त्याला ती उत्तर देईल, तू ऐकायचंस. परीक्षेला ह्या वर्सी बसायचं का फुडल्या, ते मागनं बघू. मला पोरगी पायजे. डाक्टर दुसऱ्याच्या घरातला चालंल."